पुरे झालं की दार लोटायचं

थोरली ताई बाळंतपणात गेली तेव्हा आमच्याकडे सकाळी भाकरी झाली तर रात्री कण्या. पोट भरून जेवलं की लेकरू पोटात मोठं होतं आणि अडतं, या समजुतीनं पांढऱ्याफटक ताईला घरचे आणखी कमी वाढायचे. पुढे मी बी.एस्सी. झाले, वस्तीतली पहिली, आणि पिंपरीला एका औषध कंपनीत लागले. एसटी हलताना माय खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "कंपनीचं काही तोंडात घालू नको."

वस्तीतले तुम्ही बरेचजण गावी राहिलात, काहीजण माझ्यासारखे निघालात. मी तिथे बाटल्या धुते असं तुम्हाला वाटायचं. आम्ही माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेत वाढवायचो, त्या फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व किती ओढतात ते मोजायचो. स्वस्थ बसलेली पेशी थोडकंच घेई. तीच दुभंगून दोन व्हायच्या तयारीला लागली की अंगावर नवी दारं उघडून भराभर आत घेई. साहेबांना वाटलं, खेड्यातली पोरगी, मोजताना चुकली. मी पुन्हा करून दाखवलं. तेच आलं.

धाकटी सुमन पहिल्या बाळंतपणाला माझ्या आकुर्डीच्या खोलीवर आली, सोबत माय. सुमनही पांढरी पडत चाललेली. दवाखान्यातून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणल्या, तरी रंग फिरेना. मला शंका आली. तांदळाच्या डब्यात हात घातला, तर सगळ्या गोळ्या तिथे.

"तुझ्या गोळीनं लेकरू फुगंल," माय म्हणाली. "मग हिला कोण सोडवंल, तुझा साहेब?"

मी तिला लग्नघराचा दाखला दिला. पाहुणे यायचे असले की पाण्यासाठी आपण मागचंही दार उघडतो. रांजण भरले की लोटतो. वाढणारी पेशी तशीच. पुरेसं झालं की तीच दारं कमी करते, वाटेल तेवढं कोंबून घेत नाही.

"पेशीला एवढी अक्कल? आपल्या पाव्हण्यांना न्हाई ती."

पण दुसऱ्या दिवसापासून मायच सुमनला गोळी देऊ लागली. तरी शिफ्टवरून आले की मी सुमनला जीभ काढायला लावून रंग फिरतोय का बघायचे. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता.

दवाखान्यात मुलगी झाली. माय तिला हातांवर तोलत राहिली. "बेताचंच हाय की. गोळ्या खऱ्या होत्या ना गं?"

आता गाव म्हटलं की ताई आठवते. घर म्हटलं की आकुर्डीची ती खोली. सुमन तिथे लेक कुशीत घेऊन आपल्या पायांनी परत आली. दोघी जगल्या.