कबुतराच्या मानेवरच्या कुंड्या

…अगं, ते लिहिलंस ते खोडून टाक. आग्रिप्पिनाचं दार जिन्याच्या मधोमध आहे असं लिही, वर नाही. म्हणून तर सगळं झालं.

आपल्या काल्ताजिरोने गावातल्या त्या मोठ्या जिन्यावर मे महिन्यात कुंड्यांचं चित्र मांडतात, दरवर्षी नवं. ते दिसतं फक्त खालच्या चौकातून. जिन्यावर राहणाऱ्यांना नुसत्या कुंड्याच दिसतात. आणि ज्याच्या दारापुढे ज्या कुंड्या, त्यांना पाणी त्यानंच घालायचं. आग्रिप्पिनाचा नवरा नुंत्सियो घालायचा. तो गेला तसे लोक म्हणायला लागले, हिच्या गुडघ्यांनी काय होणार? ते तिला फार लागलं.

यंदा होतं पांढऱ्या फुलांचं कबुतर. मान नेमकी हिच्या दारात. मांडणाऱ्यांचा म्होरक्या फिलादेल्फो म्हणाला, "मावशी, पांढऱ्याला तहान फार. मादोन्ना माउलीची मिरवणूक निघेपर्यंत जगवशील ना?"

"मेल्या, तुला मी चमच्याने पाणी पाजलंय. मला शिकवतोस?"

आणि नेमका शिरोक्को सुटला. तो आफ्रिकेकडचा तापलेला वारा गं, पापण्या भाजतो. त्यातच नळ कोरडा. तिनं तोंड धुतलेलं पाणी घातलं, डाळ धुतलेलं घातलं, प्यायचंसुद्धा घातलं. तरी कुंड्या माना टाकायला लागल्या.

"फिलादेल्फो, पांढऱ्या दे रे!"

"संपल्या, मावशी. सगळ्याच दारात वाळल्यात. कुठून आणू?"

मग बाईनं आपल्या गॅलरीतली जिरॅनियमं एकेक करून, बसत-उठत, मेलेल्या कुंड्यांच्या जागी लावली. कळ्या घट्ट मिटलेल्या, मिरवणुकीपर्यंत काही उमलायच्या नाहीत अशा. तिला वाटलं, हिरव्या पानांनी निदान भोक तरी झाकेल. तशी ती खूश होती बिचारी.

त्या वाऱ्यानं मिरवणुकीच्या सकाळी सगळ्या कळ्या एकदम फोडल्या. लालभडक.

खालून मिकेले खाटीक ओरडला, "आग्रिप्पिना! कबुतराचा गळा कापलास की! माझं गिऱ्हाईक पळवतेस काय?"

चौक हसला. हिला कळेना. शेजारची वेनेरा खाली जाऊन बघून आली.

"थोडंसं लाल दिसतंय," ती म्हणाली.

"थोडंसं म्हणजे केवढं?"

वेनेरा एप्रनच्या टोकाशी चाळा करत बसली.

मग ही पायरीवर बसली आणि खुडायला लागली. हाताला येतील तेवढी खुडली, पण खालच्या पायऱ्यांवरच्यांना बसल्या जागेवरून हात पोचेना, आणि घाईनं उतरायला गुडघे ऐकेनात. "उचला रे ह्या कुंड्या!" म्हणाली. फिलादेल्फो धावत आला. "आता नको, मावशी. उचलल्या तर मानच जाईल. मादोन्ना देवळातून निघाली."

खाली बँड वाजायला लागला. एप्रनच्या झोळीत लाल पाकळ्या घेऊन ती उभी राहिली. बसता येईना, आत जाता येईना. लोक वर बघत होते. ती हात जोडायलाही विसरली.

तेव्हापासून ती दार लोटून आतच असते. कुणी गेलं की विचारते, "फार दिसत होतं का गं?" आणि उत्तर यायच्या आतच म्हणते, "असू दे."

लिहिलंस? मग आता वाचणाऱ्यांसाठी लिही. तुमच्यापैकी कुणी तो जिना चढलात, तर मधल्या दाराशी जरा थांबा आणि आग्रिप्पिनाला सांगा, मी खाली उभा होतो, मला कबुतरच दिसलं.