डावीकडचं काही दिसेना

शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि आई जाऊन दोन. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत मी एकटीच. घरात दुसरं माणूस असतं तर माझं दुखणं पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. मला कळायला पाच महिने लागले.

एका सकाळी डोकं भयंकर दुखलं. गोळी घेऊन पडून राहिले, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, विसरून गेले. त्यानंतर बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. जेवून उठताना पानाची डावी बाजू तशीच राहिलेली असायची. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं मीच वाढून घेतलेलं आणि बोटही न लावलेलं. भूक कमी झाली असेल, असं मी म्हणायचे. पेपरातल्या मथळ्यांचा अर्थ लागेना. ‘अपघात टळला’ असं छापलेलं असायचं, मला नुसतं ‘टळला’ दिसायचं. चष्म्याच्या दुकानात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, “नंबर तोच आहे, मॅडम. काच पुसत जा.”

आमच्या तळमजल्यावर एक वहिनी राहतात. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठ्या, त्याही एकट्याच. गेटकडे जाताना त्यांची खिडकी डाव्या हाताला लागते. रोज सकाळी त्या तिथे चहा पीत बसायच्या, मला बघून हात करायच्या, मीही करायचे. बोलणं फारसं नव्हतंच, पण दिवसभरात माझ्याकडे बघून हसणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग ती खिडकी रिकामी वाटायला लागली. त्याआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून आमचा खटका उडाला होता. मला वाटलं, त्यांनी राग धरलाय. बसू दे धरून! मीही दार वाजवलं नाही.

दिवाळीच्या आधी कल्याणच्या बाजारात गेले होते. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि डावीकडून हातगाडी कमरेवर आदळली. खाली बसलेच मी. गाडीवाला घाबरून गेला होता. “काय ताई, एवढी मोठी गाडी दिसली नाही?” खरंच दिसली नव्हती. गाडी होती तिथे मला मोकळा रस्ता दिसला होता. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एक डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी एका वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. आत ठिपक्याएवढा उजेड लागला की बटण दाबायचं, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मला वाटलं, सगळे ठिपके मी टिपले. कागद बाहेर आले तेव्हा दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा होता.

“डोळे तुमचे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “आपल्याला डोकं बघावं लागेल.”

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्याच्या मागे, उजवीकडे हात ठेवला. “डोळे नुसते पाठवतात. दिसतं ते इथे. दोन्ही डोळ्यांतलं डावीकडचं सगळं या भागात येतं, आणि तुमचा इथला रक्तपुरवठा मध्यंतरी बंद पडलेला आहे.”

“मग मला डावीकडे काळं का नाही दिसत?”

“तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळं?”

“काहीच नाही.”

“तसंच. जिथून खबरच येत नाही, तिथे काही चुकतंय हे मेंदूला कळत नाही. उलट आजूबाजूचं बघून तो तिथलं आपल्या मनाने भरून टाकतो.” मग त्यांनी विचारलं, “सोबत कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“घरी कोण असतं?”

मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

परतीच्या वाटेवर ती खिडकी आठवली. घरी न जाता तशीच वहिनींचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

“मी रोज बसत होते, बाई,” त्या म्हणाल्या. “महिनाभर हात करत होते. मग ठरवलं, नको असेल ओळख तर नको. गणपतीच्या सुमारास मला ताप भरला होता. घसा पार बसलेला, मोबाईल कुठे ठेवलाय ते सुचेना. खिडकीला धरून उभी राहिले आणि तुम्हाला हात केला. तुम्ही मान ताठ ठेवून गेलात. शेवटी दूधवाल्याने माझ्या मुलाला फोन लावला.”

“मला दिसला नाहीत हो.”

“हो, आता कळलं.” त्यांनी मला आत बोलावलं, चहा केला. रागावल्या नव्हत्या. पण तो चहा आम्ही जवळजवळ न बोलता प्यायलो.

गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू आहेत. वाचताना डाव्या समासावर लाल पट्टी ठेवते. ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायची आणि मग ओळ सुरू करायची. चालताना दर चार पावलांनी मान डावीकडे वळवायची, हे आता अंगवळणी पडलंय. वहिनी मुलाकडे घोडबंदरला राहायला गेल्या. जाताना भेटून गेल्या. स्टेशनच्या जिन्यावर, बँकेच्या रांगेत माझं ते मान वळवणं बघून लोक विचारतात, “कोणाला शोधताय का?”

“नाही,” मी म्हणते, आणि पुढे जाते.