अर्बाबाला जाब विचारणारे मुकादम सर

इस्माईल मुकादम सरांना मी प्रथम पाहिलं ते मस्कतमधल्या वादी कबीरला, आमच्या इमारतीखाली गाडीच्या काचा पुसताना. मी त्यांच्याच शाळेत लागलेली नवी शिक्षिका, तीही त्यांच्यासारखीच रत्नागिरीची, हे कळताच ते म्हणाले, "मग बसा गाडीत. इथे तक्रार चालते, उशीर नाय चालत." त्या दिवसापासून अल खौदच्या शाळेपर्यंतचा माझा रोजचा प्रवास त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

आमच्या शाळेत अमेरिकन अभ्यासक्रम आहे. सर कित्येक वर्षं अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत आहेत आणि अमेरिकेला एकदाही गेलेले नाहीत. कुणी छेडलं तर विचारतात, "इतिहास शिकवायला त्या काळात जाऊन यावं लागतं काय?"

माझ्या पहिल्याच सत्रात मी घोळ घातला. मुलांना चटकन कळावं म्हणून सांगून बसले, "प्रेसिडेंट म्हणजे सगळ्या देशाचा अर्बाब." अर्बाब म्हणजे आखातातला मालक. मुलं खूश झाली आणि चाचणीत अर्ध्या वर्गाने तेच लिहिलं. एका पालकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. मी प्रोबेशनवर होते; नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. गाडीत मला रडू आवरेना. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

सर शांतपणे म्हणाले, "चूक वर्गात झाली ना मॅडम? मग ती वर्गातच सुधारायची. केबिनमध्ये नाय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसले. स्वतः विभागप्रमुख असूनही त्यांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. "टीचर, अर्बाब चुकला तर त्याला जाब कोण विचारतो?"

मी उत्तर शोधत पुस्तकाची पानं उलटू लागले. पुढून एक मुलगी म्हणाली, "नोबडी, सर. ही कॅन्सल्स युवर व्हिसा. खलास!" वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

"आणि प्रेसिडेंट चुकला तर?" सरांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काँग्रेस, न्यायालय, मतदार, सगळी नावं मी फळ्यावर लिहिली आणि मुलं एकमेकांशी भांडत अध्यक्षाला जाब विचारू लागली. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मधल्या सुट्टीत सर मला घेऊन प्राचार्यांकडे गेले. म्हणाले, "वरच्यालाही जाब द्यावा लागतो, असं आज मॅडमनी शिकवलंय. आता त्यांचं न ऐकता आपण निर्णय घेतला, तर मुलांना काय सांगू?" प्राचार्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मी राहिले. राजीनामा सरांनी फाडला आणि वर मलाच कचऱ्याची टोपली दाखवली.

तासाची शेवटची पाच मिनिटं सर 'जाबाची' म्हणून राखून ठेवतात. त्या वेळात मुलांनी शिक्षकाला काहीही विचारावं. ही पद्धत मी त्यांच्याकडूनच उचलली. ती पाच मिनिटं मला आजही घाम फोडतात, आणि म्हणूनच मी अजून वाचन करते.

साठी पूर्ण करून सर आता निवृत्त होऊन गावी परतत आहेत. सर, आपल्याला उदंड आयुष्य आणि खणखणीत तब्येत लाभो. पण आम्हाला न विचारता निवृत्ती कशी घेतलीत, याचा जाब द्यायला दरवर्षी मस्कतला यावंच लागेल. शेवटचा बाक रिकामा ठेवला आहे. या, बसा आणि हात वर करा. इन्शाल्ला, या वेळी मला उत्तर येईल.