क्लेम रासमुसेनला न दिसलेलं विमान

क्लेम रासमुसेनचा विश्वास फक्त स्वतःच्या कुत्रीवर. हवामानवाले, खाटीक, खुद्द बायको थेल्मा, सगळे त्याच्या मते काहीतरी लपवून असतात. जन्मभर तो छोट्या विमानातून मुंडारा गावाच्या पश्चिमेला मेंढ्यांच्या मळ्यांवर टपाल नि पंपांचे सुटे भाग पोचवत आला.

गावच्या विमानतळावर, विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या टॉवरमध्ये ओडेट फारुजा नावाची नवी बाई आली आणि त्याच्या संशयाला हक्काचं माणूस मिळालं. उतरण्याआधी विमानं धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेतात. टॉवर उतरण्याच्या रांगेतला नंबर देतो. पुढचं विमान दिसलं की तसं सांगायचं, मग त्याच्यामागून वळायचं. क्लेम नंबर कानावर पडताच ‘दिसलं’ म्हणून मोकळा व्हायचा. ‘नाही दिसत’ म्हणताना कुठल्याही वैमानिकाची जीभ जड होते. क्लेमची तर फारच, कारण लायसनसाठीची डोळ्यांची तपासणी तोंडावर आली होती आणि हल्ली टेकड्या त्याला दुधात बुडवल्यासारख्या दिसायच्या. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. पण ज्यानं दोनदा गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात घातली, त्याच्या बायकोला वेगळं काय सांगायचं? शेजाऱ्यालाही सांगायची गरज नव्हती.

त्याच्या ‘दिसलं’वर ओडेट क्षणभर गप्प राही. ते त्याला झोंबायचं. ही बया माझं लायसन घालवणार, असं तो थेल्माला सांगत सुटला.

“तू कोण हे तरी तिला ठाऊक आहे का?” थेल्मा म्हणाली.

एका दुपारी तो परतत होता. रेडिओवर ओडेट त्याच्या विमानाचं नाव घेऊन म्हणाली, “व्हिस्की हॉटेल टँगो, तुमचा नंबर दुसरा. पुढे फवारणीचं पिवळं विमान आहे. दिसलं की सांगा.”

खाली पिकलेला गहू, वर रिकामं आभाळ. क्लेमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विमान नाहीच! आपण ‘दिसलं’ म्हणायचं आणि हिनं आपल्याला खोट्यात पकडायचं. मिशीतल्या मिशीत हसत, आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, “नाही दिसत.”

या वेळी ती गप्प राहिली नाही. “वळू नका. सरळ जात राहा, उंची सोडू नका. कधी वळायचं ते मी सांगते.”

सापळा चुकवल्याच्या खुशीत क्लेम सरळ गेला. एवढ्यात डाव्या हाताला, तो एरवी जिथं वळून खाली आला असता नेमका तिथून, गव्हाच्याच रंगाचं काहीतरी सरकत गेलं. नदीकाठच्या काळपट झाडांवर आलं तेव्हा कुठे त्याला पंख दिसले.

उतरल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मग त्यानं टॉवरला फोन लावला. आभार काही तोंडातून निघेनात. तुला संशय कधीपासून होता, एवढंच त्यानं विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून,” ओडेट म्हणाली. “तुम्हाला सगळं फार लवकर दिसायचं, क्लेम. आता डोळे तुम्ही दाखवताय, की मी वर कळवू?”

दुसऱ्याच दिवशी विमानाची किल्ली थेल्माच्या हातात देऊन त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. मात्र गावातल्या नव्हे, थेट किनाऱ्यावरच्या शहरातल्या. गावातला डॉक्टर ओडेटच्या नवऱ्याबरोबर बिअर पितो, असा त्याला दाट संशय आहे.