सुमनबाईंचा हात

देवावरचा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. पण त्या श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा मनात भक्ती नव्हती, रागच होता. माझी तीन वर्षांची आरू तापानं फणफणत हिंगोलीच्या दवाखान्यात पडली होती आणि मला तिच्याजवळून उठवून इकडे पाठवलं होतं. सासूबाईंचा हट्ट. "अभिषेक केल्याबिगर ताप उतरायचा न्हाई. तू जा. मी हाय ना लेकरापाशी."

सिस्टरनं आल्या दिवशीच बजावलं होतं, खाटेचा कठडा वरच ठेवा, लेकरू झोपलं तरी उठून जाऊ नका, तापातली पोरं झोपेतून उठून उतरायला जातात आणि पडतात. निघताना मी सासूबाईंना तेच पुन्हा सांगितलं. "आत्याबाई, कठडा तेवढा खाली करू नका." त्या म्हणाल्या, "मी काय लेकरं वाढवली न्हाईत?"

शेजारच्या खाटेवर साखरा गावच्या सुमनबाईंचा मुलगा होता, छातीत कफ भरलेला. खुरपणीला जाणारी बाई, सोबतीला कुणी नाही. मुलाच्या उशाशी बुद्धाचा लहानसा फोटो ठेवलेला. तो पाहिल्यापासून सासूबाई तिकडे पाठ करून बसायच्या. एकदा आरूसाठी सुमनबाईंनी कोमट पाणी पुढं केलं, तर "आमचं हाय" म्हणून परत केलं. सुमनबाई समजायचं ते समजल्या.

अभिषेक करून मी परतले, तर आरू सासूबाईंच्या मांडीवर रडत होती आणि सुमनबाई भिंतीला टेकून, डावा हात छातीशी धरून बसल्या होत्या. मनगट सुजून टम्म झालं होतं. घडलं ते सिस्टरनं सांगितलं. आमच्या कुरुंदा गावची माणसं भेटायला आली, त्यांना बसता यावं म्हणून सासूबाईंनी कठडा खाली केला. मग त्यांना पोचवायला त्या दारापर्यंत गेल्या. आरू जागी झाली, मला हाका मारत कडेला आली आणि सलाईनच्या नळीत अडकून डोक्याच्या बाजूनं खाली कोसळली. मुलाला भरवत असलेल्या सुमनबाईंनी वाटी टाकून झेप घेतली. आरूचं डोकं त्यांच्या हातावर आलं, हात फरशीवर आपटला.

"नागनाथानंच धाव घेतली गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. माझ्या हातातला प्रसादाचा नारळ मला एकाएकी जड झाला. सुमनबाईंकडे त्यांनी अजूनही पाहिलं नव्हतं.

मी सुमनबाईंपुढे जमिनीवर बसले. "ताई, तुमचा हात..."

"लेकरू पडायला लागलं तं हात आपोआप म्होरं जातो," त्या म्हणाल्या. "तुमी एवढं करा, माझ्या पोरापाशी बसा. प्लास्टर करून येते. त्याला एकटं सोडून कशी जाऊ, म्हणून बसून राहिले."

त्या येईपर्यंत मी त्या मुलाच्या खाटेशी बसले, कठड्यावर हात ठेवून. तो धापा टाकत होता. मी त्याच्या छातीवरून हात फिरवत राहिले आणि कधी नव्हे ते देवाकडे काहीच मागितलं नाही. स्वतःला देवाच्या हवाली करायचं म्हणजे सगळं त्याच्यावर टाकून उठून जायचं नाही, जिथं ठेवलंय तिथं बसून राहायचं, एवढं मला तिथं उमजलं. त्याची किंमत कुणी मोजली, ते मात्र विसरता येत नाही.

दोन्ही मुलं बरी झाली. सुमनबाईंचं मनगट वाकडंच जुळलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या उजव्या हातानं खुरपत होत्या आणि डावा मांडीवर तसाच पडून होता. त्यांनी हसून मला बांधावर बसवलं, पाणी दिलं.

औंढ्याला मी आजही जाते. डोळे मिटले की पिंड दिसत नाही, तो हात दिसतो. मी त्यालाच नमस्कार करते.