चाळीसवरचा काटा

नाना ड्रायव्हरने जीव लावलेल्या गोष्टी तीन: बायको, लेक आणि ट्रकचं इंजिन. पहिल्या दोघींविषयी तो चारचौघांत चकार शब्द काढत नसे. इंजिनाविषयी मात्र कुणी नुसतं "काय नाना, बरं आहे का?" असं विचारलं, तरी त्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

"चार सिलिंडर," नाना सुरू करायचा. "ब्लॉक सगळा बीडाचा, ओतीव लोखंडाचा. हातोडा मारलास तर हातोडाच दुखून ओरडेल. आतले लायनर, म्हणजे सिलिंडरची अस्तरं, झिजले, काढले, दुसरे बसवले, ब्लॉकला धक्का नाही. व्हॉल्व्ह हलवणारी शाफ्ट गिअरवर फिरते, पट्टाच नाही, मग तुटेल काय? आणि एकदा पेटलं की बॅटरी काढून घरी ने, ते चालत राहील."

ताकद नव्वद घोड्यांची. चढावर त्यातले निम्मे बसून घेतात, असं तळावरचे ड्रायव्हर म्हणायचे. "बसू दे की," नाना म्हणायचा, "उरलेले निम्मे रडत तर नाहीत." आणि ते खरंच होतं. दुसऱ्या गिअरात, न कुंथता, ते भरलेला ट्रक घाटावर नेऊन ठेवायचं. एकदा वाटेत एका सिलिंडरची नळी फुटली, तर नानाने सांडणारं डिझेल बाटलीत धरलं आणि उरलेल्या तीन सिलिंडरवर खोकत खोकत घर गाठलं.

बायकोला या प्रेमाचं हसू यायचं. "माझ्या पोटात दुखलं की 'पड जरा' म्हणता. याच्या पोटात नुसतं खुट्ट वाजलं की मिस्त्रीकडे पळता."

"तू बोलून सांगतेस. ते बिचारं मुकं."

"बोललेलं तरी कुठं ऐकता?"

असं कितीतरी वर्षं चाललं. मग इंजिन तेल प्यायला लागलं, निळा धूर ओकायला लागलं, आणि नानाने ते पहिल्यांदा उघडायला दिलं. मिस्त्री नानाचा जुना दोस्त. सबंध इंजिन जमिनीवर मांडून बसला आणि क्रँकचा दांडा हाताने फिरवून बघत म्हणाला, "हा तर नवरदेवासारखा आहे रे अजून. लायनर, पिस्टन, रिंगा बदलू. आणखी एक जन्म काढेल."

काम झालं. हातावरचं काळं पुसत मिस्त्रीने दम भरला, "आता नीट ऐक. नव्या रिंगांची लायनरशी अजून ओळख नाही. हजार-दीड हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही. माल हलका. घाई केलीस तर लायनर ओरबाडेल, पिस्टन जागेवर आवळून इंजिन बंद पडेल, आणि माझ्या दारात रडत यायचं नाही."

नानाने शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

पहिली खेप रिकाम्या खोक्यांची होती, वजन नसल्यात जमा. लांबच्या गावी माल उतरवून तो न्याहारीला बसला, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आईला दवाखान्यात आणलंय. छातीत दुखतंय. मामा आहे बरोबर. तुम्ही निघा."

नाना न्याहारी तशीच टाकून निघाला. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. पाय आपोआप दाबला गेला. पन्नास. पंचावन्न. आणि कानात मिस्त्री बोलला. नानाने पाय उचलला. माळरानात इंजिन आवळलं तर? कोण ओढून नेणार? मग पोचणंच नाही. सावकाश गेलो तर उशिरा का होईना, पोचणार तरी. हा हिशोब त्याला इतका पक्का वाटला की त्याने तो दुसऱ्यांदा केलाच नाही.

मोटारी गेल्या, बस गेल्या. गवताने भरलेला टेम्पोसुद्धा हॉर्न वाजवून पुढं गेला. काटा चाळीसवर, आणि नानाचा डोळा काट्यावर. मागून आलेली जीपसुद्धा त्याने हात दाखवून पुढं काढली. ती थांबवून आपण तिच्यात बसावं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. ड्रायव्हर माणूस, आपली गाडी रस्त्यात टाकून जायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी पुन्हा फोन. "कुठवर आलात? आई विचारतेय."

"गाडी मस्त चाललीय म्हणावं. येतोच."

तो पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. लेक दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत आईच्या चपला. तिने काही सांगायची गरज पडली नाही.

पुढचे दिवस माणसं येत राहिली, आणि प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवून टाकलं की गाडी बंद पडली असणार. मेहुण्याने तर बोलूनही दाखवलं, "दाजी, ते जुनं धूड तुम्हाला दगा देणार हे मी कधीचं सांगत होतो." लेकीलाही तेच वाटत होतं. "विकून टाका ते," एवढंच ती म्हणाली. नाना खाली बघत राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मेलेल्या माणसाच्या घरात गप्प बसणं सोपं असतं, कुणी कारण विचारत नाही.

मग मिस्त्री भेटायला आला. चपला काढायच्या आत मेहुणा त्याच्यावर धावला. "काय काम केलंस रे? पहिल्याच खेपेला इंजिन बसलं. तुझ्यापायी माझ्या बहिणीने वाट बघत जीव सोडला."

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. "बंद पडलं? नाना, खरंच?"

लेक दारात उभी होती. नानाला अजूनही गप्प राहता आलं असतं. लेक त्याची राहिली असती, दोस्त तेवढा गेला असता.

"नाही पडलं," नाना म्हणाला. "चाळीसवर आणलं. तू सांगितलं होतंस."

मिस्त्री हळूच खाली बसला. "अरे वेड्या," तो म्हणाला, "मी चाळीस म्हणतो कारण तुम्ही लोक साठने हाकता. आजवर कुणी चाळीसने चालवलेलं मी पाहिलं नाही."

"पळवता आली असती?" लेकीने विचारलं. बापाला नाही, मिस्त्रीला.

त्याला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. "रिकामी गाडी," तो म्हणाला. "आली असती."

"मी आईला सांगत होते, गाडी मस्त चाललीय म्हणालेत," लेक म्हणाली, आणि आत गेली.

पुढं ती मामाकडे राहायला निघाली. बस नव्हती म्हणून ट्रकमध्ये बसली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "पळवा."

नानाने तिच्याकडे पाहिलं. ती काट्याकडे बघत होती. त्याने पाय दाबला. साठ. सत्तर. इंजिन ना थरथरलं, ना त्याने धूर ओकला. तोंडात साखर असल्यासारखं गोड चाललं.

"कमी करू?"

"नको."

मामाच्या दारात तिने ट्रंक स्वतः उतरवली. ड्रायव्हरला निघताना म्हणतात ते 'सावकाश जा' तिच्या ओठांवर आलेलं नानाला दिसलं. तिने ते गिळलं आणि आत जाऊन दार लोटलं.

नाना इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिला. शेवटी मामीने खिडकीतून डोकं काढलं. "दाजी, एक तर बंद करा, नाही तर निघा. लेकरू आत्ताच निजलंय."

नानाने गिअर टाकला.