हर्निया म्हणून सांगितलं

पोटाचं ऑपरेशन करून आलो तेव्हा आम्ही जगाला हर्निया सांगितला. आम्ही म्हणजे मी आणि बायको. लातुरात माणसाला हर्निया झाला तर लोक सफरचंदं घेऊन येतात, दहा मिनिटं बसतात आणि जातात. पण एकशे एकतीस किलोच्या माणसानं हैदराबादला जाऊन निम्म्याहून जास्त पोट कापून टाकलं आणि आता आत केळ्याएवढी पिशवी उरली, हे कळलं असतं तर आमच्या ऑफिसला पुढची पाच वर्षं चहासोबत बिस्किटाची गरज पडली नसती. 'तोंड आवरता येईना म्हणून पोट कापून आला,' हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. वाक्य खरं होतं, म्हणून जास्त झोंबत होतं.

तिथल्या आहाराच्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या आणि अंगानं माझ्या मनगटाएवढ्या. त्यांनी एक कागद हातात ठेवला. पहिला आठवडा नुसतं पाण्यासारखं पातळ. दुसरा आठवडा ताक, वरणाचं पाणी, प्रोटीनची पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढून गाळलेलं. मग मऊ, तेही चार चमचे. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. "घट्ट काही गेलं आणि टाके उसवले तर परत टेबलावर घ्यावं लागेल, आणि दुसऱ्या वेळी ते इतकं सोपं नसतं," असं त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मी त्यांना धन्यवाद दिले.

पण माझी खरी भीती आईची होती. आई नांदेडला धाकट्या भावाकडे राहते. ती लहान असताना घरात रोज चूल पेटेलच असं नव्हतं. दुसऱ्याच्या रानात खुरपून, काडी काडी जमवून तिनं आम्हाला वाढवलं. मला सरकारी नोकरी लागली हे ती विहारात एकदा सांगायची आणि माझं अंग भरलं हे तीनदा. नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही, पोटाकडे बघायची, आणि समाधानानं बघायची. ते पोट मी कापून टाकून आलो हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून तिलाही हर्नियाच सांगितला.

खोटं बोलायचं होतं तर पथ्य असलेला आजार तरी निवडायचा. हर्नियाला असलं काही पथ्य नसतं हे अख्ख्या लातूरला माहीत होतं, आम्हा दोघांनाच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातले मोठे बाबू लोण्याचा गोळा आणि धपाटे घेऊन आले. मी औषधाच्या झाकणातून ताकाची निवळ पीत होतो.

"हे काय करून राहिलात साहेब?" ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचं हर्नियाचंच ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मटण खाल्लं त्यानं."

बायकोनं वेळ मारून नेली. आतड्याला जरा सूज आहे म्हणाली. पुढच्या पाहुण्याला सूज पुरेना, तेव्हा तिनं सांगितलं की डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवलाय. हे एवढं मात्र खरं होतं. कापलेलं पोट ते तपासायला पाठवतातच, आणि माझं अगदी निर्दोष निघालं होतं. पण ते सांगायचं तर कुठलं पोट हे सांगावं लागलं असतं. मोठ्या बाबूंची बहीण अहमदपूरला दिलेली, तिची जाऊ नांदेडची. तपासायला पाठवलेला तुकडा माझ्याआधी नांदेडला पोचला, आणि ते मला महिनाभर कळलं नाही.

त्या महिन्यात मी इतका गुणी झालो की स्वतःचाच राग यायचा. ज्या माणसानं लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थकवलं, तो आता घड्याळ लावून मुगाचं गाळलेलं पाणी पीत होता. बायको डोक्यावर उभी. तिनं आयुष्यभर माझ्यासमोर ताट ठेवलं होतं, आता ती चमचे मोजायची आणि तिला त्यात मजा येत होती. एकदा मी फोडणीचा वास घ्यायला नुसता स्वयंपाकघरात गेलो तर तिनं मला हात धरून बाहेर आणून बसवलं. पण वजन उतरत होतं. गालफडं बसली, मान सैल पडली, शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं जायला लागली. मी आरशासमोर खूश होतो. आई व्हिडिओ कॉलवर मला बघायची आणि काही न बोलता फोन भावाच्या हातात द्यायची.

पाचव्या आठवड्यात भावाचा फोन आला. "दादा, चार दिवस येऊन जा. मायला तुला बघायचंय." आवाज जड होता. मला वाटलं सर्दी असेल.

गाडी करून निघालो. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला थांबला आणि आमच्या काचेसमोरच भज्यांचा घाणा निघाला. मी थर्मासमधलं वरण चमच्या-चमच्यानं गिळलं आणि मनातल्या मनात त्या भजीवाल्याला शिव्या घातल्या.

नांदेडला पोचलो तर घर भरलेलं. आईनं मला बघितलं, माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. ती स्वतःही वाळलेली दिसली. मी विचारलं तर ऊन लई आहे म्हणाली. मग पाहुण्यांची रांग लागली. मावशी येसरची आमटी घेऊन आली. रेणापूरचे मामा गावरान कोंबडा घेऊन आले. हे मामा धाकट्याच्या लग्नात मानाचा टॉवेल दिला नाही म्हणून आठ वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. ते आले, माझ्या उशाशी बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "झालं गेलं सोडून दे बापू. मनात काय ठेवू नको."

"न्हाई ठेवत," मी म्हणालो.

"काय खावंसं वाटतं ते खाऊन घे. पथ्यबिथ्य राहू दे आता."

हर्नियाला इतकी इज्जत फक्त नांदेडात मिळते असं मला वाटलं. जो येईल तो माझा आवडता पदार्थ घेऊन येत होता आणि मी एक चमचा चाखला तरी पदर नाहीतर रुमाल डोळ्याला लावत होता. आमच्याकडे आग्रह जन्मापासूनचा, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला सुचलंच नाही. उलट मी बायकोजवळ कुरकुर केली, की ही माणसं मला मारल्याशिवाय सोडणार नाहीत.

रविवारी घरी रक्षणासाठीचा परित्राण पाठ ठेवलेला होता. भाऊ म्हणाला, घर बांधून दहा वर्षं झाली म्हणून. भंतेजी आले, पाण्याचा कलश मांडला, पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरवला. दोऱ्याचं पहिलं टोक भावानं माझ्या हातात दिलं. घराला दहा वर्षं झाली तर टोक माझ्याच हातात का, हे मी विचारायला हवं होतं. पण माझं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. आत काजू घातलेली तांदळाची खीर शिजत होती आणि महिन्यानंतर कुणी मला मिक्सरशिवाय काही देणार होतं.

पाठ झाला, भंतेजींचं भोजन झालं, ते गेले. मावशीनं वाटी आणली. "एक चमचा माझ्या हातानं," ती म्हणाली. बायको माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. खीर मऊच तर असते, असा हिशोब मी केला. एक चमचा घेतला. दुसरा मी स्वतः घेतला. तिसरा, चौथा आणि पाचवा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. सहाव्याला छातीच्या मधोमध दगड अडकला. अंगाला दरदरून घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं आणि मी बेसिनकडे पळालो. सगळं बाहेर आलं. ओकताना एकच विचार होता, की टाके गेले. पाच काजूंच्या तुकड्यांसाठी मी परत टेबलावर जाणार होतो.

 मागून, बैठकीतून मामांचा आवाज आला, "रक्त पडलं का बघा जरा." आणि कुणीतरी हुंदका दिला.

मॅडमना फोन लावला. दुखणं राहिलं किंवा ताप आला तर लगेच निघा, नाहीतर दोन दिवस परत पातळ, असं त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितलं. दुखणं तासाभरात उतरलं. ताप आला नाही. पाहुणे एकेक करून चपला घालून गेले, जाताना माझ्याकडे न बघता.

चारच्या सुमाराला मी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेलो. भावजय भांडी पुसत होती. ती वळली आणि म्हणाली, "दादा, किती दिवस लपवणार? आमाला समदं माहीत हाय."

मला वाटलं बायको फुटली. "काय माहीत आहे?"

"त्यो आजार." नाव तिनं घेतलं नाही, आमच्याकडे घेत नाहीत. "तुकडा तपासायला गेला तवाच कळलं. तुमाला कुनी कळू द्यायचं न्हाई म्हनून मायनं सांगितलंय. महिना झाला, मायनं बाराच्या नंतर अन्नाला हात लावला न्हाई. उपोसथ धरलाय तुमच्यासाठी. शुगर हाय तिला, गोळ्या चालू हायत. मागच्या आठवड्यात न्हाणीत चक्कर येऊन पडली. तुमाला सांगू नका म्हनली."

 ऑफिसच्या चहाला विषय होऊ नये म्हणून मी माझ्या आईला महिनाभर उपाशी ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, बेसिनपाशीसुद्धा नाही.

आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी समोर खाली बसलो. महिन्याभरापूर्वी मला असं खाली बसता येत नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"माय, मला तो आजार नाही," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली, लहान लेकराला म्हणावं तसं.

"खरंच नाही. हर्निया बी नव्हता. वजन कमी करायला पोट कापून घेतलं. तपासणीत काही निघालं नाही. मी बरा आहे." मी मोबाईलवरचा रिपोर्ट उघडून तिच्यापुढे धरला. ती सातवी शिकलेली, तिनं तो दूर धरून बघितला. इंग्रजीत होता. मग मी तो मराठीत वाचून दाखवला. नंतर मॅडमचा कागद दाखवला, तो आमच्याकडच्या पेशंटांसाठी मराठीत छापलेला होता. तो तिनं बोट फिरवत स्वतः वाचला. पातळ, गाळलेलं, मऊ, चार चमचे.

"तुला काय झालं न्हाई?"

"नाही."

"जगून राहिलास?"

"हाव माय."

 मला वाटलं ती रडेल किंवा थोबाडीत देईल. दोन्हींची माझी तयारी होती. ती भिंतीला धरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ताट घेऊन आली. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीत कोंबड्याचा रस्सा, कांदा. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि भाकरी कुस्करली. बाराच्या नंतर ती महिन्यात पहिल्यांदा अन्नाला हात लावत होती. पहिले काही घास तिनं मान खाली घालून भराभर खाल्ले. मग पाणी प्याली.

"माझ्या मायनं चार घासासाठी दिस-दिस कंबर मोडली," ती म्हणाली. "म्या बी मोडली. तू पैसे भरून पोट कापून चार घासावर आलास."

 तिनं दुसरी भाकरी मोडली.